सौर सहकारी संस्थेचं पुढारीपण कोणाकडे द्यावं?

प्रश्न थोडक्यात असा: गावातले साठ शेतकरी सहकारी संस्था काढून एक मेगावॉटचा सौर प्रकल्प उभा करायचं म्हणताहेत. सबस्टेशन तीन किलोमीटरवर आहे, जमीन पाहून ठेवली आहे. अडलं आहे ते पुढारीपणावर. एक गट म्हणतो, विकास सोसायटी वीस वर्षं चालवलेले चेअरमनच इथेही हवेत, त्यांच्या ओळखी आहेत. दुसरा गट म्हणतो, पुण्यात सौर कंपनीत नोकरी करणारा गावचाच इंजिनिअर मुलगा हवा. आणि जाताजाता विचारलंय, पदाधिकाऱ्यांना मानधन द्यावं का?

सहकारी संस्थांचं कामकाज आणि वीज प्रकल्प या दोन्हींत मी बरीच वर्षं काढली आहेत, त्यामुळे सविस्तर लिहितो.

नावं बाजूला ठेवा आणि आधी काम काय आहे ते बघा. सौर संस्थेचं काम विकास सोसायटीसारखं नाही, साखर कारखान्यासारखं तर मुळीच नाही. कारखान्यात रोज काही ना काही ठरवावं लागतं: तोड, गाळप, साखरेची विक्री. सौर प्रकल्प एकदा उभा राहिला की रोज ठरवण्यासारखं फार उरत नाही. पॅनल धुवायचे, गवत काढायचं, इन्व्हर्टरवर (पॅनलची वीज ग्रीडला, म्हणजे सार्वजनिक वीजजाळ्याला, चालेल अशी करणाऱ्या यंत्रावर) नजर ठेवायची, महिन्याचं रीडिंग घ्यायचं. मोठे निर्णय सगळे पहिल्या दीड-दोन वर्षांत होतात आणि त्यांचे परिणाम पुढे २५ वर्षं चालतात. केंद्र सरकारच्या कुसुम या शेतीसाठीच्या सौर योजनेच्या ज्या भागात सहकारी संस्थेला असा प्रकल्प टाकता येतो, त्यातला वीज खरेदी करार २५ वर्षांचा असतो आणि सुरुवातीला ठरलेला दर शेवटपर्यंत तोच राहतो. आपल्या सहकार कायद्यात संचालक मंडळाची मुदत मात्र ५ वर्षं. म्हणजे या एका करारावर पाच मंडळं येऊन जातील. आज सही करणाऱ्यांतले कित्येक जण करार संपताना हयात नसतील किंवा गावात नसतील. म्हणून माणूस किती कर्तबगार आहे यापेक्षा, तो पायउतार झाल्यावर दुसऱ्याला कपाट उघडून सगळा कारभार कळेल का, हे मी आधी तपासतो.

आता पैशाचा हिशेब, कारण पुढाऱ्याची खरी कसोटी तिथे लागते. एका मेगावॉटचा खर्च चार कोटी धरा. तीस टक्के भाग भांडवल म्हणजे एक कोटी वीस लाख, साठ सभासदांत प्रत्येकी दोन लाख. उरलेलं दोन कोटी ऐंशी लाख बँकेचं कर्ज. आपल्याकडच्या उन्हात एक मेगावॉट वर्षाला साधारण १५ ते १६ लाख युनिट देतो. दर युनिटला तीन रुपये धरला (तुम्हाला प्रत्यक्षात जो मिळेल तो घाला), तर १६ लाख युनिटांचे ४८ लाख रुपये. साडेनऊ टक्क्यांनी १२ वर्षांचं कर्ज असेल तर वर्षाचा हप्ता ४० लाखांच्या आसपास जातो. देखभाल, विमा, राखण, ऑडिट यांना पाच लाख. हातात उरले तीन लाख, साठ जणांत. वर निव्वळ नफ्यातला चौथा हिस्सा कायद्यानेच राखीव निधीत टाकावा लागतो. पॅनलचं उत्पादन दरवर्षी अर्ध्या टक्क्याच्या आसपास घटतं आणि दहा-बारा वर्षांनी इन्व्हर्टर बदलायचा खर्च समोर येतो, तेही यातूनच.

म्हणजे दोन लाख भरणाऱ्या सभासदाच्या हातात कर्ज फिटेपर्यंत जवळजवळ काही पडत नाही. तेराव्या वर्षापासून चित्र पालटतं आणि तेव्हा ही संस्था गावाची खरी मिळकत होते. शेअर गोळा करताना हे आकडे जसेच्या तसे फळ्यावर लिहून दाखवणारा माणूस चेअरमन होण्याच्या लायकीचा. ‘दोन वर्षांत पैसे वसूल’ म्हणणारा कितीही गोड बोलला तरी त्याला उभं करू नका, कारण तिसऱ्या वर्षीच्या सर्वसाधारण सभेत त्याला लोकांना तोंड दाखवता येणार नाही आणि मग तो सभाच टाळायला लागेल. संस्था मोडायला सुरुवात तिथून होते. हिशेब ऐकून साठातले वीस जण मागे सरले तर सरू द्यात. कायद्याला नोंदणीसाठी वेगवेगळ्या कुटुंबांतले दहा जण पुरतात.

ज्यांना हे पटत नाही त्यांच्यासाठी दुसरी वाट आहेच. मुख्यमंत्री सौर कृषी वाहिनी योजनेच्या दुसऱ्या टप्प्यात जमीन भाड्याने दिली तर हेक्टरी वर्षाला सव्वा लाख रुपये आणि दरवर्षी तीन टक्के वाढ मिळते. जोखीम नाही, मालकीही नाही. सभेत दोन्ही पर्याय शेजारी शेजारी मांडा. मालकीची वाट लोकांनी समजून-उमजून निवडली पाहिजे.

आता तुमची दोन नावं. महाराष्ट्राने हा पेच एकदा फार सुंदर सोडवला आहे. प्रवरेचा सहकारी साखर कारखाना १९५० साली सुरू झाला. त्यासाठी गावोगाव हिंडून शेतकऱ्यांकडून भाग भांडवल जमवलं विठ्ठलराव विखे पाटलांनी. पण पहिले अध्यक्ष झाले पुण्याच्या गोखले अर्थशास्त्र संस्थेचे धनंजयराव गाडगीळ. गाडगीळांचा तिथे ऊस नव्हता, भाऊबंदकी नव्हती, कोणाच्या बांधाचं भांडण नव्हतं. आकड्यांबद्दल त्यांचा शब्द सरकारही मानत असे आणि बँकाही. विखे पाटलांवर लोकांचा विश्वास होता. दोघांनी आपापलं बळ आणलं आणि दोघांनी दुसऱ्याच्या कामात लुडबूड केली नाही. ज्याने सगळं उभं केलं त्याने पहिली खुर्ची दुसऱ्याला दिली, हे मला आजही फार मोठं वाटतं. (सहकारी मालकीची अपारंपरिक वीजही आपल्याला नवी नाही. आपले कितीतरी सहकारी कारखाने उसाच्या चिपाडावर वीज करून ग्रीडला विकतात. सौर संस्था काढणाऱ्याने अशा एखाद्या कारखान्याच्या वीज विभागात दिवसभर बसून यावं, बिल कसं निघतं ते कळेल.)

तुमच्याकडे हे असं बसवता येईल. इंजिनिअर मुलगा पुण्यात राहतो, पगार तिकडून घेतो. त्याला अध्यक्ष केलात तर दर महिन्याच्या सहीसाठी संस्था त्याच्या सुट्टीवर अवलंबून राहील. शिवाय त्याची कंपनीच उद्या तुमच्या उभारणीच्या निविदेत उतरली तर दोघांचीही अडचण. त्याची जागा तज्ज्ञ संचालकाची. कायद्याने असे दोन जण मंडळात स्वीकृत करून घेता येतात. त्यांना मताचा अधिकार नसतो आणि पदही घेता येत नाही, पण बैठकीत बसतात, बोलतात, त्यांचं म्हणणं प्रोसिडिंगमध्ये, म्हणजे बैठकीच्या इतिवृत्तात, येतं. पॅनल कुठल्या दर्जाचे, इन्व्हर्टरची वॉरंटी किती वर्षांची, ठेकेदाराने उत्पादनाची हमी लेखी दिली का, हे प्रश्न त्याने विचारावेत आणि उत्तरं नोंदवून घ्यावीत. निविदेत त्याची कंपनी असेल त्या बैठकीत त्याने बाहेर बसायचं, हा ठराव पहिल्याच बैठकीत करून टाका. नंतर केला तर तो त्याच्यावर अविश्वास दाखवल्यासारखा होतो.

विकास सोसायटीच्या चेअरमनांबद्दल दोन गोष्टी विचारा. त्यांच्या सोसायटीचं मागच्या पाच वर्षांचं ऑडिट कोणत्या वर्गाचं आहे, आणि दोषदुरुस्ती अहवाल (ऑडिटमध्ये निघालेल्या चुका दुरुस्त केल्याचे) वेळेवर गेले आहेत का. कागद चांगले असतील तर वीस वर्षांचा अनुभव तुमच्यासाठी मोलाचा आहे. सभा कशी बोलवायची, कोरम कसा राखायचा, रुसलेल्याला पुन्हा कसं बसवायचं हे त्यांना येतं आणि ते पुस्तकात शिकायला मिळत नाही. फक्त एकाच माणसाकडे गावातल्या दोन संस्थांच्या सह्या नकोत. शक्य असेल तर त्यांना उपाध्यक्ष करा आणि अध्यक्षपदी असा कोणी बसवा ज्याला गावच्या निवडणुकीत उभं राहायचं नाही: निवृत्त मुख्याध्यापिका, निवृत्त बँक शाखाधिकारी, शेती सांभाळणारा माजी सैनिक. सभासद मात्र तो हवाच आणि त्याचेही दोन लाख त्यात अडकलेले हवेत.

ओळखींचा मुद्दा लोक नेहमी काढतात. कर्ज मंजुरी, जमिनीचे कागद, जोडणीची परवानगी यांत ओळख दोन-चार आठवडे वाचवते, हे खरं. पण लढाई लांबली की अभ्यास लागतो. जर्मनीत काळ्या जंगलाच्या डोंगराळ भागात श्योनाउ नावाचं अडीच हजार वस्तीचं गाव आहे. १९८६ च्या चेर्नोबिल अपघातानंतर तिथले पालक एकत्र आले. त्यांच्यात पुढे होत्या उर्झुला स्लाडेक, पेशाने शिक्षिका, आणि त्यांचे पती मिखाएल, गावचे डॉक्टर. विजेचं शिक्षण दोघांचंही नव्हतं. गावचं वीजजाळं लोकांनीच विकत घ्यायचं असं ठरलं तेव्हा वीज कंपनीने ८७ लाख मार्क मागितले. या लोकांनी स्वतंत्र तज्ज्ञांकडून मोजदाद करून घेतली, तर किंमत त्याच्या निम्म्यापेक्षा कमी निघाली. गावात दोनदा मतदान झालं, १९९१ मध्ये आणि १९९६ मध्ये. दुसऱ्यांदा अवघ्या साडेबावन्न टक्क्यांच्या आसपास मतांनी ते जिंकले. मागितलेल्या रकमेवर अडून न बसता त्यांनी ५७ लाख मार्क भरून १९९७ मध्ये जाळं ताब्यात घेतलं आणि किमतीचा वाद न्यायालयात चालू ठेवला. शेवटी जादा घेतलेले पैसे परत मिळाले. ते जाळं चालवणारी त्यांची कंपनी आज सहकारी संस्था आहे. दहा-अकरा वर्षं त्याच एका कामाला धरून राहणारी, आकडा समोर आला की तो तपासून घेणारी माणसं तुमच्या गावातही असतात. शाळेच्या पोषण आहाराचा हिशेब मागणारी, ग्रामसभेत ताळेबंद वाचून दाखवा म्हणणारी. त्यांना आपण कटकटी म्हणतो. मंडळात त्यांना घ्या.

सगळ्यात जास्त विचार मात्र सचिवाचा करा. चेअरमनचं नाव बोर्डावर असतं. संस्था सचिव चालवतो. याचं सगळ्यात चांगलं उदाहरण आपल्या शेजारीच आहे. गुजरातमध्ये खेडा जिल्ह्याच्या ठासरा तालुक्यात ढुंडी गाव आहे. तिथल्या सहा शेतकऱ्यांनी सौर पंपांची सहकारी मंडळी (गुजरातेत संस्थेला मंडळी म्हणतात) काढली आणि २०१६ पासून उरलेली वीज ग्रीडला विकायला सुरुवात केली. मागे प्रेरणा होती आंतरराष्ट्रीय जल व्यवस्थापन संस्थेच्या तुषार शहा आणि त्यांच्या सहकाऱ्यांची. सुरुवातीची क्षमता सगळ्यांची मिळून ५६.४ किलोवॉट, मध्य गुजरात वीज कंपनीशी २५ वर्षांचा करार, दर युनिटला ४ रुपये ६३ पैसे. त्यावर सुरुवातीला जल व्यवस्थापन संस्थेकडून प्रोत्साहनाची जादा रक्कमही मिळत होती. बदल्यात या शेतकऱ्यांनी सवलतीची शेतीपंप जोडणी मागण्याचा हक्क सोडला.

या रचनेतला खरा बारकावा असा की वीज कंपनी प्रत्येकाच्या शेतात येत नाही. सगळ्यांची वीज एका ठिकाणी गोळा होऊन ग्रीडला जाते, कंपनी तिथला एकच मीटर वाचते आणि पैसे मंडळीला देते. कोणाच्या शेतातून किती युनिट आले, मधल्या तारेत किती गळाले आणि ती गळती कोणाच्या वाट्याला किती, हे मंडळीनेच ठरवायचं. म्हणजे सचिवाच्या वहीत आकडा चुकला की थेट शेजाऱ्याच्या पैशाला हात लागतो. ढुंडीच्या लोकांना हे जमण्यामागे चरोतरची, म्हणजे खेडा-आणंद भागातली, दूध मंडळी आहे, असं मला वाटतं. फॅट सगळ्यांसमोर मोजायची, पावती हातात द्यायची, पैसे ठरल्या वारी द्यायचे, हे संस्कार तिथे तीन पिढ्यांचे आहेत. पुढे राष्ट्रीय दुग्धविकास मंडळाने आणंद जिल्ह्यातल्या मुजकुवा गावात ११ शेतकऱ्यांची अशीच मंडळी उभी केली.

तुमचा मीटर एकच असेल आणि वाटप शेअरप्रमाणे होईल, तरी सवय हीच लावा. महावितरणबरोबर महिन्याचं संयुक्त रीडिंग होतं तेव्हा सचिवासोबत आळीपाळीने दोन साधे सभासद जाऊ द्यात. रीडिंगचा कागद त्याच दिवशी ग्रामपंचायतीच्या फलकावर आणि व्हॉट्सॲप गटावर. किती युनिट गेले, गेल्या वर्षी याच महिन्यात किती गेले होते, बिल कधी पाठवलं, पैसे कधी आले. चार आकडे, दर महिन्याला, न चुकता. हे काम बायका फार चोख करतात. बचत गटाचं खातं दहा वर्षं पै-पैचा ताळा जमवून चालवलेल्या एखाद्या ताईंना सचिव करा. मंडळावर महिलांसाठी दोन जागा राखीव आहेतच, पण नवऱ्याने सही करायची आणि बायकोचं नाव लावायचं, असला प्रकार पहिल्या दिवसापासून होऊ देऊ नका.

सचिवाचं आणखी एक काम कोणी सांगत नाही. ग्रीड गेली की इन्व्हर्टर आपोआप बंद पडतो. भर दुपारी ऊन आहे, पॅनल तयार आहेत, पण फीडर (सबस्टेशनला जोडणारी वीजवाहिनी) बंद म्हणून एकही युनिट जात नाही आणि त्या तासांचे पैसे बुडतात. एक मेगावॉटचा प्रकल्प भर उन्हात तासाला सात-आठशे युनिट देत असतो, म्हणजे तासाला दोन हजारांवर रुपये. म्हणून फीडर किती वाजता गेला आणि किती वाजता आला याची नोंदवही साइटवर हवी. महिन्याअखेरीस ती सहाय्यक अभियंत्याला लेखी द्यायची, आवाज न चढवता, दर महिन्याला. सबस्टेशनच्या ऑपरेटरशी रोजचं बोलणं असलेला माणूस इथे आमदाराच्या ओळखीपेक्षा उपयोगी पडतो. देखभालीसाठी बंद घ्यायचंच असेल तर सकाळी लवकर घ्या, एवढं त्याने ऐकलं तरी वर्षाचं उत्पादन वाढतं.

बिलांच्या बाबतीत आपल्याकडचा एक मोठा धडा विसरू नये. १९६९ च्या सुमारास ग्रामीण विद्युतीकरण महामंडळाच्या पुढाकाराने देशात ज्या पहिल्या पाच ग्रामीण वीज सहकारी संस्था निघाल्या त्यांतली एक आपली मुळा-प्रवरा. श्रीरामपूर परिसरात ती चार दशकं घरोघरी आणि विहिरी-विहिरींवर वीज देत होती. २०११ च्या सुरुवातीला तिचा परवाना संपला आणि महावितरणने वाटप हाती घेतलं. तोवर तिच्या नावावरची थकबाकी दोन हजार कोटींच्या पुढे गेली होती. शेतीपंपांचा मोठा वाटा, अपुरी वसुली, आणि संस्थेला घाऊक वीज कोणत्या दराने मिळायला हवी होती हा वाद, या सगळ्यांबद्दल दोन्ही बाजूंची मतं आहेत आणि मी इथे निवाडा करत नाही. पण त्याच वेळी निघालेली बेळगाव जिल्ह्यातली हुक्केरीची संस्था आजही वीज वाटते आहे, त्यामुळे सहकारात वीज चालत नाही असं म्हणता येत नाही. मुळा-प्रवरेवरून मी एवढंच शिकलो की वादातली रक्कम वर्षानुवर्षं वहीत पडू द्यायची नाही. तुमचा प्रकल्प रात्री ग्रीडकडून थोडी वीज घेईल, तिचं बिल वेगळ्या दराने लागेल, कधी एखादी वजावट कळणार नाही. ज्या महिन्यात आकडा चुकीचा वाटला त्याच महिन्यात लेखी हरकत घ्या आणि पोच घ्या. पैसे यायला उशीर होतोच, पण बँकेचा हप्ता थांबत नाही. सहा महिन्यांच्या हप्त्यांएवढी ठेव वेगळ्या खात्यात ठेवल्याशिवाय लाभांशाचा विषय काढायचा नाही, हे खजिनदाराने ठामपणे सांगितलं पाहिजे.

जागेबद्दलही बोलतो, कारण संस्थेत पहिली फूट बहुधा तिथेच पडते. कोपनहेगनच्या समुद्रात मिडेलग्रुंडेन नावाचं पवनचक्क्यांचं केंद्र २००० साली उभं राहिलं. २० पवनचक्क्या, ४० मेगावॉट, त्यातल्या निम्म्या साडेआठ हजारांवर सभासदांच्या संस्थेच्या. मूळ आराखडा तीन रांगांत २७ चक्क्यांचा होता. लोकांच्या सुनावणीत त्यावर हरकती आल्या, तेव्हा पुढाऱ्यांनी आराखडा बदलून एकाच वळणदार रांगेत २० घेतल्या. चक्क्या कमी झाल्या, पण पुढची कामं सोपी झाली. तुमच्याकडे प्रश्न असेल तो गायरानाचा, गुरांच्या वाटेचा, शेजारच्या विहिरीकडे जाणाऱ्या बांधाचा. सभासद नसलेल्यांनाही बोलवून जागेवरच एक सभा घ्या आणि कुंपणाची रेघ तिथे ठरवा. जमीन एखाद्या संचालकाच्या घरची असेल तर भाडेपट्टा ठरवताना त्याने मत द्यायचं नाही.

कायद्याने एका सभासदाला एकच मत, मग शेअर कितीही असोत. याचा अर्थ जास्त पैसे घालणारे नाराज राहतील आणि पुढची निवडणूक आपल्या उमेदवारांचं पॅनल टाकून लढवायची भाषा करतील. पहिलं मंडळ बिनविरोध निघालं तर चांगलंच, पण प्रत्येक निवडणूक बिनविरोधच झाली पाहिजे असा हट्ट नको. उलट पोटनियमांच्या मसुद्यातच सुचवा की एकच व्यक्ती लागोपाठ दोन मुदतींपेक्षा जास्त अध्यक्ष राहणार नाही, आणि निबंधक कार्यालयात त्यावर बोलून घ्या. दरवर्षी पंचविशीतल्या एका मुलाला किंवा मुलीला सचिवाच्या हाताखाली बसवा. दहाव्या वर्षी इन्व्हर्टर बदलायची वेळ येईल तेव्हा वॉरंटीचे कागद कुठे आहेत हे सांगणारं कोणीतरी हवं.

मानधनाबद्दल माझं स्पष्ट मत आहे: संचालकांना बैठक भत्ता, सचिवाला पगार. फुकट काम करणारा सचिव दुसऱ्या-तिसऱ्या वर्षी थकतो, आणि मग त्याला बोलायची कोणाची हिंमत होत नाही कारण तो उपकार करत असतो. साइटवरचा माणूस गावातलाच, आयटीआयमधून वायरमन किंवा इलेक्ट्रिशियन झालेला घ्या. दोन्ही पगारांचे आकडे सर्वसाधारण सभेत मंजूर करून प्रकल्प अहवालात आत्ताच टाका. मी वर देखभालीला पाच लाख धरले ते या पगारांसह धरलेले नाहीत. ते घातल्यावर वर्षाचे तीन लाखही उरत नाहीत, हप्ता बसण्यासाठी मग भाग भांडवल चाळीस टक्क्यांकडे न्यावं लागेल किंवा कर्जाची मुदत वाढवून मागावी लागेल, आणि ही बोलणी बँकेत अर्ज देण्याआधी झाली पाहिजेत.